यादीचा दिवस

मॅसॅच्युसेट्स, वूस्टर काउंटी. नोव्हेंबर १७५५ चा शेवटचा आठवडा. एक शेतकरी महिन्याभरापूर्वी तापाने गेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. प्रोबेट कोर्टाने तीन पंच नेमलेत. घरातली, गोठ्यातली, शेतातली चीज न् चीज मोजायची, किंमत लावायची, कागदावर आणायची. मुदत तीन महिन्यांची, पण एकदा बर्फ पडलं की रानात फिरता येत नाही, म्हणून आजच.

हे घर आणि ही माणसं जुळवून घेतलेली आहेत. भाव त्या काळाच्या आसपासचे धरलेत. कायदा, चलन आणि कामाची रीत मात्र तेव्हाचीच. घड्याळ या घरात नाही, गावातही दोन-तीन असतील. तास मी घातलेत.

पहाटे ५:३०

तीन पंचांपैकी एक लिहिणारा. अक्षर बरं, बेरीज पक्की, म्हणून गावातले बहुतेक कागद याच्याकडे येतात. तसा तोही शेतकरीच. आधी स्वतःच्या गाईंना चारा, मग दूध बायकोच्या हवाली, मग लेखणी.

पिसाच्या दोन लेखण्या चाकूने तासून घेतो. टोक तिरपं, मधोमध चीर. एक दिवसभर टिकत नाही. शाई घरचीच, मायफळ आणि हिराकस भिजवून केलेली. दौत कोटाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत शाई गोठते. कागद विकतचा, समुद्रापलीकडून आलेला, म्हणून तो ताव घडी घालून अगदी जपून नेतो. यंदाच्या वसंतापासून मॅसॅच्युसेट्सने काही सरकारी कागदांवर स्टॅम्पही बसवलाय. दोन पेन्सांच्या स्टॅम्पवर कॉड मासा आहे. इंग्लंडचा तो गाजलेला स्टॅम्प कायदा यायला अजून दहा वर्षं आहेत. या छोट्या स्टॅम्पवर लोक नुसतेच कुरकुरतात.

सकाळी ७:१५

सूर्य नुकताच वर आलाय. दोन मैल चालून तो मयताच्या दारात पोचतो. बाकीचे दोघे आधीच आलेत. एक लोहार, लोखंड आणि बैल पारखणारा. दुसरा सत्तरीचा म्हातारा, जमीन आणि गुरं यांत ज्याचा शब्द कोणी मोडत नाही. पंच निःपक्षपाती हवेत. या गावात ज्यांचं कोणाकडे देणं-घेणं नाही असे तीन बाप्ये शोधायचे म्हणजे कठीणच. लोहाराच्या वहीत मयताच्या नावावर नांगराच्या फाळाचे काही शिलिंग आहेत. ते तो आधीच सांगून मोकळा झालाय.

घर दुमजली, मध्यभागी एकच भलंमोठं धुराडं. १८ नोव्हेंबरच्या पहाटे भूकंप झाला. बॉस्टनमध्ये शेकडो धुराडी ढासळली, इथे वरच्या चार विटा अंगणात पडल्या. अजून तिथेच आहेत. म्हातारा त्यांच्याकडे बघतो. ‘विटा धरायच्या?’ लोहार हसतो. धरत नाहीत.

विधवा दार उघडते. वय पंचेचाळीसच्या आसपास. कोर्टाने तिलाच प्रशासक नेमलंय. जामीनकतब्यावर तिची सही आहे, सोबत दोन जामीनदारांची. म्हणजे आजची यादी तिचीही जबाबदारी. काही लपवलं तर जाब तिला.

सकाळी ७:३०

सुरुवात मयताच्या कपड्यांपासून. रीतच ती. चांगला निळा कोट, दोन वेस्टकोट, कातडी विजारी, चार सदरे, मोजे, टोपी, बूट. विधवा एकेक बाहेर काढून पलंगावर ठेवते. लोहार कोटाचं कापड चिमटीत धरून बघतो. कोपरं विरलेली आहेत. सगळं मिळून ४ पौंड १० शिलिंग.

‘माझे कपडे?’ ती विचारते.

‘ते धरत नाही,’ लिहिणारा म्हणतो.

ती स्वतःची पेटी मिटते. घरात न मोजली जाणारी वस्तू जवळजवळ एवढीच.

कागदावर उजवीकडे तीन रकाने. पौंड, शिलिंग, पेन्स. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पैंत बेरजा केलेल्या आपल्याकडच्या आजोबांना हे काम एका दिवसात जमलं असतं.

सकाळी ८:००

पुढची खोली, घरातली उत्तम. इथे पलंग आहे आणि त्याच्यावर पिसांची गादी. लोड, उशा, ब्लँकेटं, विणलेली चादर, पडदे, सगळं मिळून एक नग. लोहार गादीत दंडापर्यंत हात खुपसतो. पिसं कोरडी आहेत का, गुठळ्या झाल्यात का. म्हातारा दोन्ही हातांनी एक कोपरा उचलून वजन अजमावतो.

‘चाळीस,’ तो म्हणतो.

हा आकडा जुन्या नोटांचा. १७५० मध्ये मॅसॅच्युसेट्सने जुने कागदी पैसे मोडीत काढले. लुईबर्गच्या लढाईचा खर्च म्हणून इंग्लंडहून पेट्या भरभरून चांदीचे स्पॅनिश डॉलर आले होते, त्यांवर नवं चलन उभं राहिलं. साडेसात जुने, एक नवा. पाच वर्षं झाली, तरी म्हाताऱ्याच्या डोक्यात जुनेच भाव. लिहिणारा मनात भागाकार करतो आणि लिहितो: ५ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स.

दोन दुभत्या गाई या गादीच्या किमतीत येतील. यादीतली ही सगळ्यात महाग घरगुती वस्तू. एका गादीला पिसं जमवायची म्हणजे वर्षानुवर्षं पाळलेली पाखरं उपटायची. ते काम बायकांचं. मृत्युपत्रांमध्ये म्हणूनच गादीचा उल्लेख नेमाने सापडतो, कोणती गादी कोणाला ते अगदी खोलीचं नाव घालून.

आरसा १२ शिलिंग. खणांची पेटी १ पौंड ४. टेबल आणि सहा खुर्च्या १८ शिलिंग. एका खुर्चीचा पाय डुगडुगतो. सहाच लिहितात.

सकाळी ८:४५

स्वयंपाकघर. इथे वेळ लागतो, कारण इथे काम चालूच आहे. चुलीवर हंडा टांगलाय. तो मोजायचा तर उतरवावा लागेल. सतरा वर्षांची मुलगी आकड्यावरून हंडा काढते, लोहार बूड वाजवून बघतो, ती परत टांगते. बिडाचे हंडे, तवे, सळ्या, टांगायचे आकडे सगळे मिळून २ पौंड २. पितळेचं मोठं पातेलं वेगळं, दीड पौंड.

मग प्यूटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची ताटं-वाटगे. हे नगावर नाही, वजनावर. लोहाराने हातकाटा आणलाय. ताटं फडक्यात बांधून आकड्याला लावतो, वजन सरकवत नेतो, दांडी समपातळीला येते. ३१ पौंड वजन. पौंडाला एक शिलिंग. ताटांवर सुरीचे इतके चरे आहेत की मागे कोरलेली अक्षरं फक्त वाचता येतात, नवऱ्याचं आणि तिचं आद्याक्षर, लग्नाच्या वेळची.

लाकडी थाळे, बादल्या, घमेली ९ शिलिंग. बंदूक आणि दारूचं शिंग १८. मोठं बायबल आणि इतर पुस्तकं १४. मुलांचे जन्म बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले आहेत. लिहिणारा ते पान उघडून वयं पडताळून घेतो. कोर्टात उपयोगी पडतं, कोण सज्ञान, कोणाला पालक लागेल ते. पाच मुलं हयात. थोरला अठ्ठावीस, इथेच राबतो. एक मुलगी लग्न होऊन शेजारच्या गावात. दुसरा मुलगा बाविशीचा, लेक जॉर्जच्या मोहिमेवर गेलेला, अजून परतलेला नाही. मग ही सतराची. आणि अकरा वर्षांचा धाकटा, जो मघापासून बंदुकीजवळ घुटमळतोय.

सकाळी १०:००

वरचा मजला. जिना उभा, डोकं आपटतं. तीन साधे पलंग, मक्याच्या पाल्याच्या आणि हलक्या पिसांच्या गाद्या. सहा पौंड. एका टोकाला मका आणि राय पसरलेली. साठ बुशेल मका, दोन शिलिंगाने. वीस बुशेल राय, तीन शिलिंगाने. म्हातारा मूठभर मका उचलतो, एक दाणा दाताखाली फोडतो. वाळलाय. मान हलवतो.

चरखे तीन. दोन लोकरीचे मोठे, उभं राहून फिरवायचे, एक पायाने चालणारा, अळशीच्या धाग्यासाठी. शेजारी माग. सगळं मिळून १ पौंड ६. मागावर अर्धवट कापड आहे. तेही धरावं लागतं. विणलेलं मोजून घेतात, न विणलेलं सूत वेगळं. १४ शिलिंग.

मग चादरी. पेटीतून विधवा पाच जोड्या काढते. घरचंच लिनन. अळशी शेतात पेरली, उपटली, कुजवली, कुटली, विंचरली, कातली, विणली, अंगणात घालून पांढरी केली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं भरलेली. त्यांतल्या दोन जोड्यांवरचं दुसरं अक्षर तिच्या माहेरच्या आडनावाचं. त्या ती लग्नात घेऊन आली.

इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईचं जंगम नवऱ्याचं. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नाही. विधवा झाली की येतं. म्हणजे महिन्याभरापासून तिला येतं, आणि आज तिच्या चादरी नवऱ्याच्या यादीत चालल्यात.

लिहिणारा अक्षरं बघतो. ‘पाच जोड्या चादरी, टेबलाची फडकी, पंचे,’ मोठ्याने म्हणत लिहितो. तीन पौंड.

सकाळी ११:१५

तळघर. मेणबत्ती लागते. सफरचंदाच्या सायडरची आठ पिंपं, प्रत्येकी पाच शिलिंग. लोहार एका पिंपाची चव बघतो, मग खात्रीसाठी दुसऱ्याची. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं एक पिंप, अडीच पौंड. रिकामी पिंपं १६ शिलिंग. भोपळे, सलगम, कोबी मोजत नाहीत, ते खाऊन संपायचंच.

लिहिणारा पानाच्या तळाशी घरातली बेरीज मांडतो: ४५ पौंड, ० शिलिंग, ८ पेन्स.

दुपारी १२:००

दक्षिणेच्या खिडकीच्या पट्टीवर चाकूने एक रेघ कोरलीय. चौकटीची सावली तिच्यावर आली की दुपार. मुलगी ताटं मांडते. तीच ताटं, मघाशी काट्याला लटकलेली. उकडलेलं खारं मांस, सलगम, रायमक्याची जाड भाकरी, सायडर. हे जेवण यादीत नाही, पण ते पिंपातूनच आलंय.

बोलणं वाटणीवर येतं. १६९२ चा कायदा साऱ्यांना पाठ. देणी फिटल्यावर जंगमाचा तिसरा हिस्सा विधवेला, कायमचा. जमिनीचा तिसरा हिस्साही तिला, पण हयातीपुरता. राहिलेलं मुलामुलींत सारखं. फक्त थोरल्याला दोन वाटण्या, बायबलातल्या मोशेच्या नियमाप्रमाणे. मुलींना बरोबरीने मिळतं हे दक्षिणेकडच्या माणसाला नवल वाटेल. व्हर्जिनियात बाप मृत्युपत्र न करता गेला तर सगळी जमीन थोरल्याची, इंग्लंडसारखी. तिथे हे १७८५ पर्यंत चाललं.

म्हाताऱ्याला शेजारच्या कनेटिकटची गोष्ट आठवते. तिथल्या विंथ्रॉप घराण्यातल्या भावाने बहिणीला जमिनीत वाटा द्यायचं नाकारलं. गव्हर्नराचा नातू, हटून लंडनपर्यंत गेला. १७२८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याच्या बाजूने निकाल दिला, कनेटिकटचा वाटणीचा कायदाच रद्द. (आपल्याकडे टिळकांना ताई महाराज प्रकरण जिथवर न्यावं लागलं, तेच हे दार.) पुढे दहा वर्षं अख्ख्या न्यू इंग्लंडला धाकधूक. बहिणींना दिलेल्या जमिनी भाऊ परत मागणार की काय? १७३८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा कायदा तिथेच टिकला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

थोरला ऐकतोय. जेवण आटोपतं घेतो.

दुपारी १२:४५

गोठा आणि अंगण. इथे म्हाताऱ्याचं राज्य. बैलजोडी आठ पौंड. गाई पाच. ‘वीस-वीस,’ म्हणजे नव्या पैशांत प्रत्येकी २ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. एकीचं एक थान आटलेलं. थोरला ते सांगत नाही, म्हाताऱ्याच्या हाताला ते कळतं. तरी भाव तोच ठेवतात. दोन कालवडी तीन पौंड, घोडी सहा, चौदा मेंढरं पाच शिलिंगाने, डुकरं दोन पौंड. गवताच्या गंजीभोवती पावलं टाकून लांबी-रुंदी मोजतात. बारा टन धरतात, ७ पौंड ४.

बैलांना धरून उभा असलेला माणूस काळा आहे. तिशीचा असावा. या घरात बारा वर्षं. सकाळी त्यानेच गोठा झाडला, मेंढरं मोजायला सोपी जावीत म्हणून कोंडून ठेवली.

लोहार त्याला विचारतो, हर्निया वगैरे? नाही. खोकला? नाही. थोरला म्हणतो, माणूस चांगलाय. म्हातारा यावेळी हात लावत नाही, लांबूनच बघतो. तिघे जरा बाजूला होतात. मग लिहिणारा कुंपणाच्या फळीवर कागद धरून लिहितो. फक्त पहिलं नाव. आडनावाला जागाच नाही. ४० पौंड.

ओळ गाई-मेंढरं आणि छकडा यांच्या मध्ये पडली. कोणी ठरवून घातली नाही. मोजत मोजत ते तिथे पोचले होते.

चाळीस पौंड म्हणजे आठशे शिलिंग. मजुराला दिवसाला साधारण दोन शिलिंग मिळतात. चारशे दिवसांची मजुरी. बारा वर्षं तो इथे राबलाय, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्याने गुलाम वारसाहक्कापुरते स्थावरात धरतात, जमिनीसोबत वारसाकडे जातात. मॅसॅच्युसेट्सला तो जंगम. म्हणजे देणी फेडायला सगळ्यात आधी विकायला मोकळा. मयताची देणी, क्रियाकर्म धरून, अंदाजे ३४ पौंड आहेत, हे सकाळपासून चार वेळा त्याच्यासमोर बोललं गेलंय.

तो विचारतो, बैल सोडू का. सोड म्हणतात.

दुपारी २:००

अवजारं. नांगर, दाताळं, छकडा, साखळदंड, कुऱ्हाडी, विळे, कोयते. लोहार स्वतःच्या हातचा फाळ ओळखतो. चार पौंड सगळं. शेवटी दाराआड पडलेला ढीग, मोडके कोयंडे, गंजलेली पट्टी, एक चाक, फुटकं घमेलं. ‘जुनं लोखंड आणि अडगळ,’ १८ शिलिंग ८ पेन्स. प्रत्येक यादीत ही ओळ असते.

दुपारी २:३०

जमीन. दगडी बांधाबांधाने चालतात. थोरला पुढे. ऐंशी एकर, घर-गोठ्यासकट २४० पौंड. मैलभर लांब जंगलाचा तुकडा, पंधरा एकर, ३० पौंड. तिकडे कोणी जात नाही, म्हाताऱ्याला तो पाठ आहे.

सफरचंदाच्या बागेत थोरला थांबतो. तो काही विचारत नाही, पण सगळ्यांना कळतं. जमीन सहा वाट्यांत फोडली तर तुकडे कोणाच्याच कामाचे नाहीत. अशा वेळी कोर्ट अख्खी जमीन थोरल्याच्या नावे करतं आणि बाकीच्यांचे वाटे त्याने पैशांत द्यायचे. लिहिणारा काठीने मातीत आकडे काढून दाखवतो. २७० पैकी आईचा तिसरा हिस्सा बाजूला, ९०. राहिले १८०. सहा वाटण्या, तीस-तीस. दोन तुझ्या. चार भावंडांना १२० द्यायचे. आई गेल्यावर तिच्या हिश्श्याचे आणखी पंधरा-पंधरा, म्हणजे साठ.

‘थोरल्या बहिणीला लग्नात गादी, गाय आणि हंडा दिलाय,’ थोरला म्हणतो.

‘ते तिच्या वाट्यातून वजा. किती धरायचं ते लिहून ठेवलंय का?’

बापाने लिहून ठेवलं नव्हतं.

१२० पौंड म्हणजे बाराशे दिवसांची मजुरी, रविवार सोडून जवळजवळ चार वर्षं. तेही खाणंपिणं फुकट धरलं तर. थोरला पायाने आकडे पुसतो.

दुपारी ४:१५

उजेड उतरला. स्वयंपाकघरात टेबलावर दोन मेणबत्त्या. लिहिणारा कच्चे कागद समोर घेऊन स्वच्छ प्रत काढतो. बोटं आखडलीत, चुलीवर शेकून घेतो. एका नगाला एक ओळ, शेवटी बेरीज. जंगम १३३ पौंड, पुढे शून्य, शून्य.

बेरीज इतकी गोल आली की त्यालाच संशय येतो. पुन्हा करतो, यावेळी खालून वर. पेन्सांचे शिलिंग, शिलिंगांचे पौंड. परत १३३. स्थावर २७०. एकूण ४०३.

तिघे सह्या करतात. म्हातारा सही करत नाही, खूण करतो. लिहिणारा खुणेच्या दोन्ही बाजूंनी त्याचं नाव लिहितो. वर वाळू टाकून शाई टिपतो, वाळू परत डबीत.

विधवा विचारते, मला किती. देणी आणि क्रियाकर्माचा खर्च जाऊन ९९ राहतील असं धरू. तेहतीस तुमचे. ती बोटांवर काहीतरी मोजते. मग म्हणते, पुढच्या खोलीतली गादी मी माझ्या तेहतिसात घेईन. आणि पितळेचं पातेलं. आणि चादरी. तिने मनात आधीच यादी केलेली आहे. माग घेणार का, मुलगी विचारते. माग पण.

क्रियाकर्माचा खर्च फार नाही. १७४२ च्या कायद्याने हातमोजे फक्त सहा खांदेकऱ्यांना आणि पाद्र्याला, अंगठ्या नाहीत, रम नाही. मोडल्यास पन्नास पौंड दंड. इथे कायद्यापेक्षा ऐपत आधी आड आली असावी.

पंचांची दिवसाची मजुरी मयताच्या मालमत्तेतूनच, तिघांची मिळून नऊ शिलिंग. तेवढ्याने तिचे तेहतीस तीन शिलिंगांनी घटतात. आता ही यादी घेऊन ती वूस्टरला जाईल, न्यायाधीशापुढे शपथ घेईल की हे सगळं खरं, आणि पुढे काही सापडलं तर तेही आणून देईन. घरातला तिचा तिसरा हिस्सा कोणता हे ठरवायला वेगळे पंच येतील. पूर्वेची खोली, अर्धं तळघर, विहिरीपर्यंत जायची वाट, असं लिहून देतील. स्वतःच्याच घरात.

संध्याकाळी ६:३०

घरी जाता जाता लिहिणाऱ्याला अडवतात. पलीकडच्या टेकडीवरचा एक वयस्क शेतकरी आजारी आहे. या घरची दशा ऐकून त्याने ठरवलंय, आपण लिहून ठेवायचं. आजच.

शेतकरी अंथरुणात टेकून बसलाय. लिहिणारा गुडघ्यावर फळी घेतो. पहिल्या दहा ओळी विचारायच्या नसतात. देवाचं नाव, शरीराने अशक्त पण बुद्धी शाबूत, मरण सगळ्यांनाच आहे, आत्मा देवाला, देह मातीला. हात आपोआप चालतो. कोणी कोणी याच जागी मन मोकळं करतात. बॉस्टनचा व्यापारी रॉबर्ट केन याला १६३९ मध्ये जादा नफा घेतल्याबद्दल दंड झाला होता. १६५३ मध्ये त्याने मृत्युपत्र लिहायला घेतलं, ते दीडशेच्या वर पानं गेलं. बराच मजकूर आपण कसे निर्दोष याचा. या शेतकऱ्याला एका तावात आटपायचंय.

जमीन दोन मुलांना. मुलींना प्रत्येकी दहा पौंड, लग्नात दिलेलं धरून. मग बायको.

संध्याकाळी ७:१५

इथेच खरा वेळ जातो. पश्चिमेची खोली तिला, जोवर ती माझी विधवा म्हणून राहील तोवर. लग्न केलं तर सुटली. एक गाय, उन्हाळा-हिवाळा मुलाने सांभाळायची. वर्षाला दहा बुशेल मका, पाच राय, अर्ध्या डुकराचं मांस. चर्चला जायला घोडी. भट्टीत भाकरी भाजायची मोकळीक. इतकं बारीक का, असं वाटेल. पोटचा मुलगा आईला भाकरी भाजू देणार नाही? लिहिणाऱ्याने पुष्कळ कागद लिहिलेत. तो विचारत नाही. शिवाय भट्टी मुलाची असली तरी चूल सुनेची असते.

‘आणि लाकूड,’ शेतकरी म्हणतो. ‘वर्षाला बारा कॉर्ड.’ एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रास. अशा बारा.

‘दारात आणून टाकायची, असं लिही.’

मुलगा पायथ्याशी उभा. ‘बारा जास्त होतात. एक खोली.’

‘बारा.’

चुलीपाशी बसलेली बायको आतापर्यंत बोलली नव्हती. तिला कोणी विचारलंही नव्हतं. ती मान वर न करता म्हणते, ‘फोडलेलं लिहा.’

‘काय?’

‘लाकूड. ओंडके टाकतील दारात. मी सत्तरीत कुऱ्हाड घेऊ का?’

मुलगा काहीतरी बोलायला जातो. शेतकरी हात वर करतो. लिहिणारा ओळीवर खूण करून वरच्या जागेत बारीक अक्षरात घालतो: फोडून, चुलीजोगं करून. मग सह्यांच्या वर टिपून ठेवतो की ही भर सहीच्या आधी घातलीय. नाहीतर हाच शब्द उद्या कोर्टात उभा राहील.

रात्री ८:३०

तीन साक्षीदार हवेत, ज्यांना यातलं काही मिळणार नाही असे. शेजारी, शेजाऱ्याची बायको आणि त्यांचा गडी. तिघांसमोर शेतकरी सही करतो, लाखेवर बोट दाबतो. तिघे सह्या करतात, गडी खूण.

लिहिण्याचे दोन शिलिंग. घरात रोकड नाही, शेतकरी म्हणतो, ‘माझ्या मागे इस्टेटीतून घे.’

लिहिणारा खिशातली वही काढतो, शेतकऱ्याच्या नावाचं पान उघडतो आणि येणे दोन शिलिंग मांडतो. ‘म्हणजे तुझ्या घरी मला पंच होता येणार नाही,’ तो म्हणतो. ‘देणेकरी झालास माझा.’

‘लोहाराला सांग,’ शेतकरी म्हणतो.

‘त्याचं तर आधीपासून आहे.’